तक्रारीसकट धीर

कोणाच्या घरी दुःख झालं की समाचाराला आलेली माणसं म्हणतात, ‘धीर धरा.’ ख्रिस्ती घरात त्याला जोड मिळते ती इयोबाच्या नावाची. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले, तरी त्याने देवाला बोल लावला नाही. हे खरं आहे, पण पहिल्या दोन अध्यायांपुरतं. बायबलमधलं त्याचं पुस्तक आहे ४२ अध्यायांचं. तिसऱ्यात इयोब तोंड उघडतो तेच आपल्या जन्मदिवसाला शाप द्यायला. पुढे तो मित्रांशी भांडतो, देवाला जाब विचारतो. देव त्यालाही खडसावतो. पण शेवटी देवाचा राग होतो तो इयोबाला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर.

म्हणजे पवित्र शास्त्रातला धीर मुका नाही. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत ‘देवा, कुठे आहेस?’ असं विचारणारी कितीतरी आहेत. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा हा प्याला टळावा म्हणून एकच मागणं पुन्हा पुन्हा केलं. प्याला टळला नाही. येशू उठला आणि पकडायला आलेल्यांना सामोरा गेला.

हे मला समजलं ते आजीमुळे. रात्रीची जेवणं आटोपली की ती चटईवर बसून मोठ्याने प्रार्थना करी. सुरुवात उपकारस्तुतीने, मग न झालेला पाऊस, काकाची सुटलेली नोकरी, दुखरा गुडघा, सगळं ओळीने निघे. मधेच तिचा आवाज चढे. घरातल्या वडीलधाऱ्याला हक्काने चार शब्द सुनवावेत, तसा. ‘आमेन’ झालं की पदर खोचून ती भांडी विसळायला जाई. अडचणी जागच्या जागीच असत. कपाळावरची आठी तेवढी गेलेली असे.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचताना आजीची ही रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती. उत्तरायुष्यात, निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायला घेतलं, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं अशा सोप्या मराठीत. इयोबाचं गाऱ्हाणं त्यांना परकं वाटलं नसणार. छपाईही मुक्तिसदनातच, तिथल्या बायकामुलींच्या हातची: एकेक खिळा उचलायचा, उलटी अक्षरं जुळवायची, मुद्रित तपासायचं, चुकलेला खिळा काढून दुसरा बसवायचा. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी स्वतः डोळे मिटले तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

संकट सरल्यावर शांती मिळेल, या हिशेबाने रमाबाई थांबल्या असत्या, तर त्या पुस्तकाचं पहिलं पानही झालं नसतं. मनातलं गाऱ्हाणं गिळून बसणाऱ्याचा धीर एक दिवस कडवट होतो. ते ऐकणारा कोणी आहे, असा भरवसा असला की माणूस ते त्याच्यापुढे ठेवतो आणि हात कामाला मोकळे करतो. उत्तर यायला उशीर लागला तरी उद्याचं काम अडत नाही. श्रद्धेने मला एवढी शांती दिली आहे, आणि रोजच्या जगण्याला ती पुरते.