हर्फ आणि मतलब

आमच्या खालाजान असाक्षर आहेत, अशी सरकारदरबारी नोंद झाली ती २०२३ साली. सर्वेक्षणाचा कागद भरायला आम्हीच बसलो होतो. वय साठच्या पुढे, शाळा नाही, सही येत नाही, अंगठा. खाला भडकल्या. म्हणाल्या, "मैं अनपढ कैसी? कुरआन कितने बार खतम किया मैंने, तेरे को मालूम है?"

त्या खोटे बोलत नव्हत्या. एटापल्लीच्या आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी पोरींना कायदा आणि सिपारा त्यांनीच शिकवला. आमच्यातल्या दोघांनाही पहिला अलिफ त्यांनीच गिरवायला लावला.

आम्ही त्यांना व्याख्या सांगितली. जनगणनेच्या हिशेबी साक्षर तो, ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते. 'समजून' म्हणताना आमचाच आवाज खाली आला. खालांना जबर, जेर, पेश सगळे येते. अर्थ येत नाही. आपल्याकडे बहुतेकांचे नाजरा वाचन असेच असते. पण आम्ही बी.एड. झालेली माणसे, रकान्यात 'असाक्षर' लिहून मोकळे झालो.

आम्ही म्हणजे चार जण. दोघे उर्दू शाळेचे शिक्षक, नोकरी चंद्रपूरकडे, घर एटापल्लीत. सुट्टीत आणि जमेल त्या रविवारी वर्गावर. तिसरी बारावी झालेली एक माडिया पोरगी, आणि चौथा एक दुकानदार, ज्याच्या ओसरीवर वर्ग भरतो. नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ मध्ये आला. त्यात स्वयंसेवकाला मानधन नाही. सर्वेक्षणाच्या कामावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला, त्याच्याशी आमचे भांडण नव्हते. शाळा सोडून शिक्षकाला काय काय मोजायला लावतात ते आम्हीही भोगले आहे. पण आमचा वर्ग आधीपासून चालला होता. तो बंद करायचा म्हणजे खालांना सांगायचे कोणी?

भाषणात आम्ही जोतीराव-सावित्रीबाईंची १८५५ ची रात्रशाळा सांगतो. फातिमाबींचे नाव घेतो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात ते आहे, हेही छातीठोकपणे सांगतो. ओसरीवर बसल्यावर यातले काही कामाला येत नाही. तिथे सात-आठ बायका, एक बल्ब, आणि सुरजागडच्या खनिजाचे ट्रक गेले की थांबणारे बोलणे. खालांनी पहिल्या दिवशी वही उलटी उघडली. शेवटच्या पानावर, उजवीकडून, त्यांनी 'अ' काढला. आम्ही हसलो नाही. आमचीही मराठी बाजारात आधी आली आणि पुस्तकात उशिरा. बी.एड.च्या सराव पाठात 'फळा'ला 'फला' म्हटले तेव्हा मागच्या बाकावर जे हसू फुटले, ते अजून कानात आहे.

वर्गात पलीकडच्या टोलीतल्या माडिया बायकाही येत. आमच्या ओसरीवर त्या का आल्या, याचे आम्हालाच नवल वाटे. आमची माणसे इथे आली ती व्यापाराला. मीठ-मिरची विकायला, मोहफूल घ्यायला. दुकानदाराच्या तराजूकडे माडिया माणूस पिढ्यानपिढ्या संशयाने बघतो, आणि तो संशय अगदीच बिनबुडाचा नाही. ज्यांनी तोलले त्यांच्याच ओसरीवर अंक शिकायला बसायचे, याला धीर लागतो.

त्यांच्यातल्या एका ताईंचा आम्हाला फार अभिमान होता. अक्षर वळणदार, वाचन खळखळ. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांना सगळ्यांपुढे धडा वाचायला लावला. त्यांनी पान न अडखळता वाचले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खालांनी मात्र वाजवल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मतलब क्या हुआ इसका?"

ताई गप्प. आम्ही मराठीत विचारले. गप्पच. बाजारापुरती मराठी त्यांना येत होती, पण धड्यातली मराठी कुठे बाजारातली होती? 'सदैव', 'परिसर', 'स्वच्छता राखावी' हे सगळे त्यांनी हर्फ न्‌ हर्फ बरोबर वाचले होते. खाला म्हणाल्या, "ये तो मेरे जैसाच हुआ. हर्फ आते, मतलब नहीं आता."

वर्षभर आम्ही वर्गात बसून दुसरा नाजरा पढवत होतो. उर्दू शाळेत मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व आम्ही तोंडपाठ सांगतो. समोर माडिया बोलणारी बाई बसली की तेच आम्हाला सुचले नव्हते.

मग त्या माडिया पोरीने धडा हातात घेतला. 'आमच्या गावात' या शब्दांवर बोट ठेवून ती म्हणाली, "मावा नाटे." ताई एकदम हसल्या. हे दोन शब्द गडचिरोलीत कोणाला ठाऊक नाहीत? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची घोषणाच आहे, 'मावा नाटे मावा राज'. त्या गावात अभ्यासगट चालले. लोक एकत्र बसून, आपल्या बोलीत, कायदा समजून घेत. आणि २००९ मध्ये त्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे मतलब आधी आला होता. आम्ही हर्फांपासून सुरुवात केली आणि हर्फांपाशीच बसून राहिलो.

त्यानंतर ती पोरगी पुढे बसू लागली आणि आम्ही मागे. वाक्य आधी माडियात बोलायचे, मग देवनागरीत लिहायचे, मग मराठी. वेग कमी झाला. पुस्तक मागे पडले. धड्याऐवजी तेंदूपत्त्याचे कार्ड, बँकेचे पासबुक, एसटीची पाटी. आम्हीही थोडी माडिया शिकलो. आमचे उच्चार ऐकून टोलीतल्या बायका बी.एड.च्या वर्गापेक्षा जोरात हसत.

१७ मार्च २०२४ ला परीक्षा झाली. रविवार होता, रमजानचा सहावा रोजा. खाला रोजा ठेवून आल्या. उर्दूतून पेपर देण्याची सोय होती, त्यांनी ती घेतली. अरबी हर्फ येत असल्याने उर्दू त्यांना चार महिन्यांत जमली होती. पास झाल्या. ताई आल्या नाहीत. मोहफूल पडायला लागले होते. पहाटे टोपली घेऊन रानात गेल्या की माणूस दुपार टळल्याशिवाय परतत नाही, आणि मोहफूल कोणाच्या पेपरासाठी झाडावर थांबत नाही. आमच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लागले. नोंदीत त्या अजून असाक्षर आहेत.

मे महिन्यात तेंदूचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा. ताई दोरीला गाठी मारून शेकडे मोजत. त्यात चूक कधीच नसे. अडचण कार्डाची होती. एका संध्याकाळी त्या कार्ड घेऊन ओसरीवर आल्या. गाठी चार, कार्डावर तीन शेकडे. आम्ही काही बोलण्याआधीच त्यांनी आकड्यावर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी फळीवर त्यांनी दिवाणजीला तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्या दिवसाचा आकडा दुरुस्त झाला. त्याआधीच्या तीन दिवसांचे म्हणाल तर दिवाणजीने ऐकूनच घेतले नाही. भांडण अर्धेच जिंकले, असे ताई माडियात म्हणाल्या. पोरीने ते मराठीत सांगितले, आणि आम्ही खालांना उर्दूत.

खालांनी ऐकून घेतले आणि रेहालीवरचा कुरआन बाजूला सरकवला. आता त्यांना तर्जुमा हवा आहे. उर्दूतला आणला तर म्हणाल्या, मराठीतलाही आण, दोन्ही शेजारी ठेवून बघते. अल्‌हम्दच्या पहिल्या आयतीवर आमचे तीन दिवस गेले. त्या थांबवतात, विचारतात, "इसका मतलब?" आणि आम्हाला कित्येकदा उत्तर येत नाही.