आमच्या आयांचे हंडे

मराठवाड्याच्या खेड्यांत वाढलेल्या आम्ही बायका एकत्र बसलो की बोलणं फिरून पाण्यावरच येतं. आमच्या आयांचा दिवस चुंबळीने सुरू व्हायचा. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेवर घागर. उन्हाळ्यात आड तळाला गेला की एखादी हलकी पोर दोराने आत उतरायची आणि झिऱ्याचं पाणी वाटीवाटीने भरायची. वर हंड्यांची ओळ. बाळंतिणीच्या घरचा हंडा आधी भरायचा, हे ठरवायला कुणा पुरुषाला विचारावं लागत नव्हतं.

त्या ओळीत सगळ्या मात्र नव्हत्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा, तरी आमच्या लहानपणी दलित वस्तीतल्या आया आडापासून लांब उभ्या असायच्या. कुणी वरून ओतेल तेव्हा त्यांची घागर भरायची. हे आम्ही रोज पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही.

१९७२च्या दुष्काळाने सगळ्यांनाच खडी फोडायला एका कामावर नेलं. मजुरी थकली की एकीने बोलायचं, हे आया तिथे शिकल्या. पुढे गावोगाव बोअर पडले, हापसे आले. हापसा महिनोन् महिने मोडून पडला, तेव्हा वाड्यावरची आणि वस्तीवरची अशा दोघी एकाच ट्रॅक्टरमध्ये चढल्या आणि रिकामे हंडे वाजवत तहसीलवर गेल्या. सासऱ्यापुढे मान वर न करणाऱ्या आया साहेबाच्या टेबलापुढे तारीख घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. मुंबईत मृणाल गोरेंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. आमच्याकडे असं नाव एकीलाही मिळालं नाही. गावातल्या टाकीच्या कोनशिलेवरही त्या नाहीत.

आता जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचं ठरलं आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण पुष्कळदा कागद सहीला घरी येतो आणि बैठकीला नवरा जातो. लेकीसुनांनो, ती जागा आयांनी पायपीट करून मिळवली आहे. तिथे स्वतः जाऊन बसा, पाणीपट्टीचा हिशेब मागा आणि वस्तीतल्या शेवटच्या घराला किती पाणी पोचतं, हे पहिल्यांदा विचारा.