नापासांची नोंद

महाराष्ट्राबाहेरच्या एका राज्यात नोकरीत असताना वृद्धांच्या पेन्शनची संगणक-प्रणाली उभी करण्याचे काम माझ्याकडे आले. प्रोग्रामरांनी लिहिलेले भाग एकत्र जोडून त्यांतून चालणारी प्रणाली तयार करणे व ती तपासणे, याला 'बिल्ड' म्हणतात. हे काम यंत्र रात्री आपोआप करी. सकाळी मुख्यालयातल्या यंत्राचा एका ओळीचा अहवाल माझ्या टेबलावर येई : 'बिल्ड यशस्वी.' मी सही करीत असे.

पुढे एका जिल्ह्यात पेन्शनच्या याद्याच निघेनात. २ महिने म्हातारी माणसे बँकेत हेलपाटे घालीत राहिली. चौकशीत कळले की, त्या जिल्ह्यातल्या जुन्या बनावटीच्या यंत्रावर बिल्ड अनेकदा नापास झाले होते. पण ते निकाल तिथेच राहत आणि दुसऱ्या रात्री पुसले जात. खोटे कोणीच बोलले नव्हते. तालुक्याहून सचिवालयापर्यंत येताना आकडे जसे धुऊन निघतात, तसेच हे.

तेव्हा एका तरुण अभियंत्याने मला पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेस प्रणालीचे 'बिल्डफार्म' दाखवले. ते २००४ पासून चालू आहे. निरनिराळ्या लोकांची, निरनिराळ्या बनावटीची यंत्रे बिल्ड करतात आणि निकाल एका मध्यवर्ती डेटाबेसकडे धाडतात. प्रत्येक यंत्राला चक्क प्राण्याचे नाव! कोणते यंत्र कोणत्या पायरीवर अडले, हे कोणालाही पाहता येते.

आम्हीही तसेच केले. मूळ प्रोग्रामची आवृत्ती, यंत्र, वेळ, अडलेली पायरी, संपूर्ण लॉग, सारे एका तक्त्यात. त्यात भर घालता येईल, पुसता येणार नाही. एक गोष्ट मी आग्रहाने करवून घेतली : ज्या यंत्राकडून काहीच आले नाही, त्याचीही ओळ दिसली पाहिजे. शासनात 'निरंक' अहवालही मागवतात, तो याचसाठी. निकाल नाही म्हणजे सर्व ठीक, असे धरूनच मी फसलो होतो.

पहिल्या आठवड्यात पडदा लालच लाल. आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्याने हळूच विचारले, "सर, नापासच्या ओळी उद्यापुरत्या झाकता येतील का?" मी नाही म्हटले. बैठकीत बरेच ऐकून घ्यावे लागले.

त्या जिल्ह्याची ओळ हिरवी व्हायला १९ दिवस लागले. त्या प्रत्येक दिवसाची नोंद तक्त्यात आहे. आधीच्या २ महिन्यांची मात्र कुठेच नाही. तिथे फक्त माझ्या सह्या आहेत.