युनियनची वर्गणी भरावी की न भरावी?

मुले युनिव्हर्सिटीत जाऊ लागली की विलायतेतल्या आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : स्टुडंट्स युनियनची वर्गणी सक्तीची आहे काय, आणि नसल्यास ती आम्ही का भरावी? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडात 2025-26 साठी फीची कमाल मर्यादा 9,535 पौंड ठरली. खोलीभाडे आणि पोटापाण्याचा खर्च निराळाच. शिफ्टची नोकरी करून ज्यांनी येथे संसार उभा केला, ते आईबाप पै न् पै बघणारच.

आम्ही दोघे मुंबईला शिकलो. तेथे फीच्या पावतीवर जिमखाना फी म्हणून एक रकाना असे आणि तो भरल्यावाचून सुटका नसे. आम्हां दोघांपैकी एकाने चार वर्षांत कॅरमच्या सोंगटीलाही हात लावला नाही; दुसरीने त्याच पैशावर टेबलटेनिस भरपूर खेळून घेतले. (कोणी काय केले हे आमचे नातेवाईक ओळखतीलच.) येथे मुलीची कागदपत्रे आली तेव्हा आम्ही तोच रकाना शोधत होतो. तो नव्हताच. येथे युनिव्हर्सिटी आपल्या तिजोरीतून युनियनला ठोक रक्कम देते आणि विद्यार्थी आपोआप सभासद होतो. 1994 च्या शिक्षण कायद्याने त्याला सभासदत्व नाकारण्याचा हक्क दिला आहे. नाव काढले म्हणून त्याची सोयींच्या बाबतीत गैरसोय करता येत नाही, आणि हा हक्क युनिव्हर्सिटीने वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना कळवावा लागतो. मात्र नाव काढले तरी पौंड काही परत मिळत नाही. वर्गणी म्हणून तो घेतलेलाच नसतो!

हे असे सहजासहजी झाले नाही. ग्रँटच्या जमान्यात युनियनची वर्गणी स्थानिक कौन्सिल परस्पर भरीत असे. 1971 साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना ही पैशाची व्यवस्था बदलण्याचा प्रस्ताव आला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले व तो बाजूला पडला. पुढे 1993 साली जॉन पॅटन यांनी सरकारी पैसा काही ठराविक सेवांपुरताच ठेवून बाकीचे ऐच्छिक करावे असे सुचविले. त्याला लॉर्ड्सच्या सभागृहातही विरोध झाला, आणि शेवटी वर सांगितलेला मवाळ कायदा झाला.

फी खरोखरच ऐच्छिक केली तर काय होते ते आपल्या ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी पाहिले आहे. तेथे डिसेंबर 2005 मध्ये कायदा झाला आणि 1 जुलै 2006 पासून सक्तीची फी बंद झाली. मोठ्या शहरांतील जुन्या युनिव्हर्सिट्यांनी कसेबसे निभावून नेले. आडगावच्या कॅम्पसांना मात्र सेवा आणि खेळ चालविणे जड गेले. 2011 साली पुन्हा कायदा करून 2012 पासून सेवा व सोयींसाठी फी घेण्याची मुभा द्यावी लागली. सभासदत्व ऐच्छिकच राहिले, आणि त्या पैशातून राजकीय पक्षांना मदत करता येत नाही. कॅनडात ओंटारियो सरकारने जानेवारी 2019 मध्ये असाच निर्णय घेतला. क्रीडा, आरोग्य ही आवश्यक, तर विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र अनावश्यक! नोव्हेंबर 2019 मध्ये कोर्टाने तो रद्द केला आणि 2021 साली अपिलातही तोच निकाल राहिला.

आता आमच्या घरातली गोष्ट. 1985 साली सन्डरलंड पॉलिटेक्निकच्या युनियनने ज्यू सोसायटीवर बंदी घातली होती, हे ज्यांना आठवते त्यांचा युनियन या शब्दावरच राग आहे. तो राग पोकळ नाही. आमच्या घरच्या कर्त्याने मुलीला सांगितले, "बाई, तू आपले नाव काढून घे. ज्या संस्थेचे ठराव आपल्याला पटत नाहीत तिची सभासद कशाला?" ती म्हणाली, "पपा, नाव काढलं की मतही जाईल. मग ते ठराव पाडायला कोण हात वर करणार?" यावर जेवण होईपर्यंत कोणी बोलले नाही. आमच्या मते मुलीचे म्हणणे वजनदार आहे. पण ज्याला सभेत एकटे बसून टोमणे ऐकावे लागतात त्याने नाव काढले, तर त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. तो हक्क कायद्याने त्याच्यासाठीच ठेवला आहे.

खरी ऐच्छिक फी येथे आहे ती क्लबांची. ज्यू सोसायटी असो वा नाटक मंडळी, प्रत्येकीचे सभासदत्व निराळे, आणि खेळाचे त्याहून महाग. याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण ती दिसते आणि नको तर सोडता येते. पण सोडणारा कोण असतो? ज्याला शनिवार-रविवार दुकानात काम करावे लागते, तोच. आमच्या मुलीला बॅडमिंटनचा क्लब हवा होता. फी ऐकून तिने आम्हांला सांगितलेच नाही. कळले ते तिच्या मामीकडून. मामीने पैसे भरून टाकले होते, आणि शुक्रवारी संध्याकाळच्या जेवणाला ये म्हणजे फिटले, असे वर बजावलेही होते.