पायपीट कोणाची?

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरातल्या कितीतरी सुनांचं माहेर महाराष्ट्रातल्या रावेर-मुक्ताईनगरकडचं. २०२५च्या नोव्हेंबरात मतदारयाद्यांचं विशेष पुनरीक्षण सुरू झालं, केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) फॉर्म घेऊन गल्लोगल्ली फिरू लागले आणि माहेरचे फोन खणखणले. जुन्या यादीत बापाचं नाव कुठल्या केंद्रावर आहे, ते बघून सांगा! इथे वर्षानुवर्षं मत देणारी बाई वीसेक वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या राज्यातल्या कागदात स्वतःचा माग काढत होती.

मला राजेंद्रप्रसाद आठवले. २६ नोव्हेंबर १९४९ला, राष्ट्रपती होण्याआधी, संविधान सभेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी प्रौढ मताधिकाराची पाठराखण केली. देशात साक्षर जेमतेम अठरा टक्के. पण खेडुताच्या शहाणपणावर त्यांचा भरवसा होता. सगळ्या मतदारांची यादी एकाच ग्रंथात बांधली तर तो दोनशे यार्ड जाड होईल, असा कुणीतरी गमतीने मांडलेला हिशेबही त्यांनी सांगितला. मला त्या गमतीत जबाबदारी दिसते: एवढा ग्रंथ लिहायचा तो सरकारने. पहिल्या निवडणुकीत त्यातून सुमारे २८ लाख बायका गळल्या, कारण त्यांनी 'अमक्याची बायको' यापलीकडे नाव सांगितलं नाही. स्वतःचं नाव हवंच, हा पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा नियम योग्यच होता, तरी त्याची किंमत बायकांनीच मोजली.

यादीच्या दारातच अडणं अमेरिकेतही घडलं. तिथे वर्णावरून मत नाकारायला घटनेने १८७०मध्येच मनाई केली होती. दक्षिणेतले कृष्णवर्णीय अडत ते नोंदणीच्या टेबलावर, साक्षरतेच्या परीक्षेत. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चावर झालेल्या लाठीमारानंतर आठवड्याने, १५ मार्च १९६५ला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसपुढे मताधिकार कायद्याची मागणी केली. ऑगस्टमध्ये तो झाला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचा नियम बदलण्याआधी तो निर्दोष असल्याचं स्वतः सिद्ध करायचं, हे त्याचं मर्म. २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी राज्यं ठरवण्याचं सूत्रच रद्द केलं आणि झगडण्याचं ओझं मतदारावर आलं. जानेवारी २०२२मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी मताधिकाराच्या नव्या विधेयकासाठी अटलांटातून सिनेटला साकडं घातलं. विधेयक अडलं ते अडलंच.

आपल्याकडेही यादी शुद्ध हवी, यात वाद नाही. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं निघायलाच हवीत. पण शंका आली तर पायपीट कोणी करायची? कागद शोधायला गेलेल्या लूम-कामगाराचा रोज बुडतो. तोच कागद शोधणाऱ्या कारकुनाचा पगार चालूच असतो. म्हणून शोधण्याचं काम कचेरीचं, आणि तिला सापडलं नाही म्हणून मतदार हरवला असं होता कामा नये.