खिचडी खाणारा घोडा

“अहो, समुद्र तिकडे राहिला,” नाशिक फाट्याचा पूल चढताना अण्णा म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पिंपळे गुरवचा माणूस समुद्रासाठी बोरघाट उतरतो, भोसरीच्या दिशेला जात नाही. पण मी निघालो होतो एका समुद्रप्रवासाच्या मागावर, आणि तो जुन्नरच्या चिखलात येऊन रुतला होता.

अण्णा आमच्याच सोसायटीतले. आयुष्यभर ट्रेलर चालवला; शेवटची काही वर्षं चाकणच्या नव्या कोऱ्या गाड्या भरून मुंबईच्या गोदीत पोचवायचे. तिथून त्या जहाजात चढायच्या आणि थेट मेक्सिकोला जायच्या. माल जहाजात कसा टिकतो, या विषयावर माझ्या ओळखीत त्यांच्याइतकं जाणणारा दुसरा कोणी नाही. म्हणून तर त्यांना बरोबर घेतलं.

मोशी, आळंदी फाटा, मग चाकणचा तळेगाव चौक. इथे नेहमीप्रमाणे अर्धा तास गेला आणि तेवढ्यात मी अण्णांना अफानासी निकितिन सांगून टाकला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. माल घेऊन व्होल्गा नदीतून खाली निघाला, तर अस्त्रखानजवळ तातारांनी लुटलं. रिकाम्या हाताने परतलो तर देणेकरी दारात उभे, म्हणून पुढेच गेला. बाकू, मग इराण, मग होर्मुझ. तिथून एक घोडा घेऊन जहाजात बसला आणि सहा आठवड्यांनी आपल्या चौल बंदराला लागला. साल १४६९ च्या आसपासचं. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे त्याच्या आधी जवळपास तीस वर्षं हा गडी कोकणात हजर होता. राजाचा हुकूम नाही, आरमार नाही, तोफा नाहीत. एक माणूस आणि एक घोडा.

“सहा आठवडे घोडा उभाच?” अण्णांनी विचारलं. “आम्ही गाडी चढवली की चाकाला पट्टा आवळायचो, पुढे-मागे लाकडी ठोकळे लावायचे. जनावराला काय लावणार? ते हलणार, बिथरणार. आणि पाणी? त्याला पाणी किती लागतं!”

घोडे समुद्रात मरायचेच. फेर्नाव नुनीज नावाचा पोर्तुगीज सोळाव्या शतकात विजयनगरला राहिला, तो स्वतः घोड्यांचा व्यापारी. त्याने लिहून ठेवलंय की विजयनगरचा राजा नरसिंह मेलेल्या घोड्याचेही पैसे द्यायचा. वाटेत घोडा गेला तर नुसती शेपटी आणून दाखवायची, दाम जिवंत घोड्याचा. अण्णा इतके हसले की शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली केली. “आणि आमच्याकडे बंपरला ओरखडा आला तरी पगारातून!”

राजा इतका उदार का, याचं उत्तर दख्खनच्या हवेत आहे. इथे चांगली घोड्यांची पैदास होत नव्हती आणि बहमनी सुलतान काय, विजयनगर काय, लढाया तर घोडदळावर चालायच्या. दर साल अरबस्तानातून, इराणातून नवे घोडे आले नाहीत तर फौज लंगडी. चौल, दाभोळ ही बंदरं त्यावर जगत होती. पुढे पोर्तुगीजांनी गोवा हातात घेतल्यावर हा घोड्यांचा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्याचा आटापिटा केला तो यामुळेच. मसाल्याच्या गोष्टी आपण शाळेत फार ऐकल्या, घोड्याची कोणी सांगितली नाही.

खेड, मंचर मागे पडलं. नारायणगावला मसाला दूध झालं. जुन्नरच्या रस्त्याला वळलो आणि पावसाने गाठलं. तसा पाऊस मला हवाच होता. निकितिन चौलहून पाली, मग डोंगर चढून उमरी आणि मग जुन्नर असा साडेतीन आठवड्यांनी इथे पोचला, आणि पोचताच पावसाळा बसला. दोन महिने तो या गावात अडकून पडला. त्याची तक्रार अशी की रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि हे चार महिने चालतं. बर्फातून आलेल्या माणसाने याच काळाला आपला हिवाळा म्हटलंय. लोक याच दिवसांत नांगरतात आणि पेरतात, याचं त्याला नवल. रस्त्याच्या कडेला गुडघाभर चिखलात भाताची लावणी चालली होती, तिकडे बोट दाखवून मी हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, “मग काय उन्हाळ्यात करायची?”

आपल्या प्रवासाच्या वहीत त्याने घोड्यांचा खुराकही लिहिलाय. हरभरे, आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी. शब्दही ‘किचिरिस’ असाच. आपल्या चुलीवरचा शब्द रशियन वहीत गेला तो घोड्याच्या तोबऱ्यातून, हे मला त्या अख्ख्या वहीतलं सगळ्यात गोड वाटतं.

शिवनेरीवर आम्ही सात दरवाजांच्या रुळलेल्या वाटेने चढलो, पण साखळीची वाट बघायला मुद्दाम वळसा घातला. कातळात खोदलेल्या पावट्या, हाताला लोखंडी साखळी, वरून पाण्याचा ओघळ. पावटीत पाऊल आडवंच ठेवावं लागतं. निकितिनने जुन्नरचा गड असाच सांगितलाय: माणसाने न बांधलेला, देवानेच घडवलेला खडक, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघं बरोबरीने जाऊ शकत नाहीत. त्याने नाव दिलेलं नाही, पण त्या साखळीखाली उभं राहिल्यावर मला तरी शंका उरली नाही.

याच जुन्नरात त्याचा घोडा गेला. इथला अंमलदार असदखान, बहमनी वजीर महमूद गावानच्या हाताखालचा. त्याने घोडा ओढून नेला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची. अखेर खुरासानचा एक मुसलमान सरदार मध्ये पडला, खानाकडे रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला. त्वेरच्या माणसाने हे देवाचं देणं मानलं. परक्या मुलखात भल्या माणसाची गाठ पडणं हेही काही थोडं नव्हे.

नंतर तो बीदरला गेला, दख्खनमध्ये फिरला आणि दाभोळहून परतीचं जहाज धरलं. वाऱ्याने ते हबशांच्या किनाऱ्याला नेऊन टाकलं. तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटून लूट टाळली, तेव्हा कुठे होर्मुझ आणि मग काळा समुद्र. घरी काही पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वही तेवढी १४७५ मध्ये मॉस्कोला पोचली.

परतताना चाकणला पुन्हा अडकलो. पुढे एक ट्रेलर, वर पांढऱ्या कव्हरातल्या आठ गाड्या. अण्णा वायपरच्या फटीतून एकेक पट्टा तपासत होते.

“मग घोडा विकला का त्याने?”

“विकला. बीदरला. वर्षभर खाऊ घातला त्याला, ६८ नाणी खर्च झाली म्हणतो.”

“आणि विकला कितीला?”

“ते नाही लिहिलं.”

अण्णांनी मान हलवली. “खर्च लिहिला आणि विक्री नाही लिहिली? म्हणजे बसला की हो खड्ड्यात.” ट्रेलर हलला. “मागच्या डाव्या गाडीचा पट्टा ढिला आहे बघा,” ते म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून ड्रायव्हरला हाका मारू लागले.