कोरें पान

आमच्या रोजनिशीचें पान हल्लीं आमच्या आधीं उठतें. पहांटे पांच वाजतां, आम्ही अंथरुणांतच असतां, संगणकांतील एक एजंट तें उघडून त्यावर तारीख घालतो. एजंट म्हणजे विमा कंपनीचा नव्हे. सांगितलेलें काम पायरीपायरीनें स्वतः पार पाडणारा, कृत्रिम बुद्धीचा एक कारकून. या कारकुनाचें वैगुण्य असें कीं, काल आपण काय केलें याची त्यास आज आठवण नसते. प्रत्येक बैठकीस तो जणूं नव्यानें नोकरीस लागतो. कालचें पान वाचावें तेव्हां त्यास कळतें कीं, अर्धा राहिलेला निबंध कोणता आणि कोणाचे पेपर तपासावयाचे आहेत. आमच्या दृष्टीनें रोजचें पान ही सोय असेल, त्याची मात्र ती स्मृतिच होय.

आमचीं टिपणें ऑब्सिडियन नांवाच्या, २०२० सालीं लोकांपुढें आलेल्या ॲपमध्यें असतात. तीं साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात, म्हणून एजंटासही तीं सहज वाचतां येतात. दैनिक टिपणाची सोय या ॲपमध्यें अंगचीच आहे; पण ॲप बंद असतां पान हवें, तर एजंटानें फाईल स्वतः लिहिली पाहिजे. अशा वेळीं त्यानें ठराविक नमुना नुसता उतरला, तर त्यांतील तारखेच्या जागचे महिरपी कंस तसेच रिते उभे राहतात. कारण ते भरणें हें ॲपचें काम. शिवाय वेळेची भानगड आहेच. एजंटास उठविणारा क्रॉन नांवाचा जुना घड्याळजी दूरच्या सर्व्हरवर ग्रिनिचच्या हिशेबानें चालत असला, तर पुण्यांत पहांटेचे पांच वाजले तरी तेथें आदल्या रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात, आणि पान कालच्या तारखेचें उघडतें. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या आमच्या पंचांगकर्त्यांस यांत कांहीं वावगें दिसलें नसतें, ही गोष्ट वेगळी!

फायलीचें नांव आधीं साल, मग महिना, मग तारीख असें ठेवतात. ही रीत आम्हांस फार आवडते. पेशवेकालीन पुष्कळ पत्रांवर तिथि असते, साल नसतें. मग एकेका पत्राचें वर्ष ठरवितांना संशोधकांची कोण दमछाक होते! यंत्राच्या तारखेंत ही उणीव राहत नाहीं. परंतु तारीख बिनचूक असली म्हणजे पान खरें बोलतें असें मात्र नव्हे.

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या मातुश्री निवर्तल्या. पुढचे तेरा दिवस आम्हीं संगणकाकडे पाहिलें नाहीं. एजंट मात्र आपली चाकरी चोख बजावीत होता. तेरा पानें तयार झालीं. प्रत्येकावर तारीख, वार आणि काल राहिलेल्या कामांची यादी; कारण अपुरीं कामें पुढें ओढण्याची आज्ञा त्यास होती. यादींत पहिलें काम होतें, ‘आईच्या डोळ्यांचे थेंब आणणें’. रोज पहांटे पांच वाजतां तें नव्यानें लिहिलें गेलें. महिनाअखेरीच्या आढाव्यांत या दिवसांविषयीं एवढेंच होतें कीं, विशेष कांहीं घडलें नाहीं. थेंब आणण्याचें काम तेरा वेळां लांबणीवर पडलें.

एजंटावर रागावण्यांत अर्थ नव्हता. त्यानें पानें वाचलीं, आणि पानांनीं तेंच सांगितलें. पान नसणें निराळें आणि कोरें असणें निराळें. वहींत तारखांचा खंड दिसला कीं वाचणारा थबकतो, तेव्हां काय झालें असेल म्हणून विचारतो. तारीख घातलेलें कोरें पान मात्र, आज लिहिण्याजोगें कांहीं नव्हतें, अशी साक्ष देऊन मोकळें होतें. हातानें लिहिण्याच्या काळीं पानावरची तारीख ही त्या दिवशीं कोणी तरी लिहावयास बसल्याची खूण होती. आतां कोणी न बसतांही ती पडते.

आमचे एक तरुण सहकारी म्हणतात, पान अगोदर करूंच नका. पहिली ओळ सुचेल तेव्हां तें उघडावें. माणसापुरतें हें ठीक आहे. पण पांच वाजतां कामास लागणाऱ्या एजंटानें आपलें लिखाण कोठें ठेवावें? म्हणून आम्हीं पान राहूं दिलें, पण त्याच्या माथ्यावर ‘यंत्रानें उघडलें’ अशी ओळ घालविली. आम्ही स्वतः कांहीं लिहिलें म्हणजे ती ओळ आमच्याच हातानें काढतों. ती शिल्लक असेल त्या दिवसाविषयीं एजंटानें अनुमान बांधूं नये, आम्हांस विचारावें. अपुरें कामही तीनदां पुढें ओढल्यावर विचारावें. त्या तेरा पानांपैकीं पहिल्यावर आम्हीं मागाहून एक ओळ लिहिली आणि बाकीचीं बारा काढून टाकलीं. तेथें आतां खंड दिसतो, आणि तो दिसावा हेंच योग्य.

गेल्या महिन्यांत एजंटानें प्रथमच विचारलें कीं, लागोपाठ तीन पानांवर आपलें कांहीं नाहीं, तर त्या दिवसांचें काय लिहूं? आम्ही एका लग्नासाठीं नागपुरास गेलों होतों. तसें त्यास सांगितलें.